मुंगी मोठी केली सिनेमाने, विष पडलं शेतात

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा एपिसोड किंकाळीने सुरू होतोय.

न्यू मेक्सिकोचं वाळवंट. एका लहान मुलीने असं काहीतरी पाहिलंय की तिची वाचाच गेलीय. एक म्हातारा शास्त्रज्ञ तिच्या नाकाखाली फॉर्मिक अॅसिड धरतो. काही मुंग्या शत्रूवर फवारतात ना, तेच हे आम्ल. वास आला आणि पोरगी ओरडली, "देम!" म्हणजे "त्या! त्याच त्या!" सिनेमाचं नावही तेच. वर्ष 1954, कंपनी वॉर्नर ब्रदर्स.

गोष्ट सोपी आहे. 1945 साली या वाळवंटात अणुबॉम्बची पहिली चाचणी झाली, ही खरी घटना. सिनेमात त्या किरणोत्सर्गाने मुंग्या माणसाहून मोठ्या होतात. शेवटी लॉस एंजेलिसच्या जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यांत लष्कर त्यांना आगीच्या झोताने जाळून टाकतं. त्याच वर्षी जपानमध्ये गॉडझिला समुद्रातून वर आला. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. लोकांना भीती बॉम्बची होती, पण पडद्यावर बिल फाडलं मुंगीच्या नावावर!

आता आमच्यासारख्या किडेवेड्यांचा आवडता उद्योग, म्हणजे सिनेमाची मजा घालवणं.

समजा, एक सेंटिमीटरचा मुंगळा 100 पट लांब केला. एक मीटरचा मुंगळा झाला. पण वजन लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी वाढतं, म्हणजे 10 लाख पट. पायाची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर ठरते, आणि तो वाढतो फक्त 10 हजार पट. थोडक्यात, प्रत्येक पायावर 100 पट जास्त भार. बिचारा जागच्या जागी बसेल. हे गणित गॅलिलिओने 1638 मध्येच मांडून ठेवलंय.

शिवाय श्वास. कीटकांना आपल्यासारखी फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. छोट्या अंगाला ही सोय झकास, मोठ्या अंगाला अपुरी. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी चतुरासारखा एक कीटक होता, मेगान्यूरा. पंखांचा विस्तार साधारण 65 सेंटिमीटर! त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि एवढ्या आकाराचं ते एक कारण असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात.

पण लहान असण्याचेही ताप आहेत. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1926 च्या एका निबंधात हिशोब दिलाय. आंघोळ करून आलेला माणूस अंगावर साधारण अर्धा किलो पाणी घेऊन फिरतो. भिजलेला उंीर स्वतःच्या वजनाएवढं पाणी वागवतो. आणि भिजलेली माशी? स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट. आपल्याकडे म्हणतातच, मुंगीला मुताचा पूर. हसू नका, यात शुद्ध भौतिकशास्त्र आहे! म्हणूनच राजामौलीची 2012 ची 'मक्खी' मला जास्त पटते. पुनर्जन्म वगैरे सोडा, पण माशी माशीएवढीच राहते आणि तिला थेंबाचंही संकट वाटतं.

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता ऐका, पडद्याबाहेर काय झालं.

अमेरिकेत खरोखरच एक परकी मुंगी शिरली होती. फायर अँट, दक्षिण अमेरिकेतून आलेली. चावली की आग होते, म्हणून हे नाव. 1942 मध्ये अलाबामातल्या मोबिल बंदराजवळ 13 वर्षांच्या एका मुलाने तिचं वारूळ पाहून नोंदवलं. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला मुंग्यांचा अभ्यासक ई. ओ. विल्सन.

मुंगी त्रासदायक होती, यात वाद नाही. पण 1957 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने थेट युद्धच पुकारलं. दक्षिणेतल्या लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही विषं टाकायची मोहीम सुरू झाली, बरीचशी विमानांतून. पक्षी मेले, मासे मेले, पाळीव जनावरं मेली. रेचल कार्सनने 1962 च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हे सगळं मांडलं. मोहिमेला पाठिंबा मिळावा म्हणून केलेल्या सरकारी फिल्ममध्ये या मुंगीच्या दंशाभोवती भीतीदायक दृश्यं रचली होती, हेही तिने नोंदवलंय. म्हणजे सिनेमाची युक्ती सरकारनेही वापरली!

आणि मुंगी? ती मजेत. विषाने तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या स्थानिक मुंग्याही मेल्या. रिकाम्या जागेत सगळ्यात आधी परतली ती हीच. आज टेक्सासपासून कॅरोलिनापर्यंत तिचं राज्य आहे. विल्सनने या मोहिमेला कीटकशास्त्रातलं व्हिएतनाम म्हटलं, ते उगाच नाही.

योगायोग बघा, त्याच 1957 साली हाल्डेन भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरमध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला. योग्य आकार म्हणजे काय, हे सांगणारा माणूस इथे आला, आणि तिकडे एका मुंगीचा आकार सरकारी कागदांवर वाढतच गेला.

भीतीला आकाराचे नियम लागू नाहीत, ती कितीही फुगते. म्हणून पुढच्या वेळी ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर स्प्रे उचलायच्या आधी दोन मिनिटं बघा, त्या नेमक्या कुठल्या डब्याकडे निघाल्यात. झाकण घट्ट लावून भागत असेल, तर युद्ध कशाला?

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर खाली बघून चाला!