ज्येष्ठतेची यादी आणि बहुमताची मर्यादा

अमेरिकेत वैमानिकाची खरी मिळकत म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या यादीतला त्याचा क्रमांक. कोणते विमान मिळणार, कप्तानपद केव्हा मिळणार, मंदी आली की आधी घरी कोण बसणार, हे सारे त्या क्रमांकावर ठरते. कंपनी बदलली की पुन्हा तळापासून सुरुवात. म्हणूनच दोन कंपन्या एक होतात तेव्हा दोन याद्या कशा गुंफायच्या, हा प्रश्न पोटापाण्याचा होतो. दोन्हीकडच्यांची संघटना मात्र एकच असते. मग ती कोणाच्या बाजूने बोलणार?

या प्रश्नाचे मूळ रेल्वेत आहे. १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्यानुसार (१९३६ पासून तो विमान कंपन्यांनाही लागू झाला) बहुमताने निवडलेली संघटना साऱ्यांच्या वतीने करार करते. अलाबामातील इंजिन फायरमनांची अशीच एक संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नसे, आणि करार मात्र त्यांच्याही नावाने करी; तोही त्यांना कामावरून हटवण्यासाठी. बेस्टर स्टील या कृष्णवर्णीय फायरमनने दावा लावला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याच्यावर सर्वांशी न्यायाने वागण्याचे कर्तव्यही येते.

या तत्त्वाची कसोटी २००५ नंतर लागली. यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पूर्वेकडचे वैमानिक सुमारे पाच हजार, पश्चिमेकडचे दोन हजारांच्या आत. पूर्वेकडच्यांची सेवा दीर्घ, पण त्यांची कंपनी दिवाळखोरीत आणि शेकडो जण कामाविना घरी. त्यांना भरतीची तारीख हवी होती. पश्चिमेकडच्यांना आपल्या टिकलेल्या नोकऱ्यांचे मोल हवे होते. वाद लवाद जॉर्ज निकोलाऊ यांच्याकडे गेला. मे २००७ च्या निवाड्यात त्यांनी निव्वळ तारखेची मागणी नाकारली. सोळा-सतरा वर्षे सेवा झालेल्यांच्या वर कालपरवा आलेले गेले. पूर्वेकडच्यांचा संताप समजण्यासारखा होता. पण लवाद दोघांनीही मान्य केला होता. तरीही बहुमताच्या बळावर २००८ मध्ये जुनी संघटना हटवून त्यांनी नवी आणली. भरतीची तारीख हेच तिचे ब्रीद होते.

पश्चिमेकडचे न्यायालयात गेले. २००९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने दावा अकाली ठरवून तो रद्द केला. दरम्यान संयुक्त करार अडला, आणि पूर्वेकडचे वैमानिकही दिवाळखोरीच्या काळातल्या कमी पगारावरच राहिले. अखेर २०१५ मध्ये त्याच अपील न्यायालयाने ठरवले, की अमेरिकन एअरलाइन्सशी विलीनीकरणाचा करार करताना निवाडा बाजूला सारून नव्या संघटनेने कर्तव्यभंग केला. निवाड्याला तोवर आठ वर्षे झाली होती.

बहुमताने प्रतिनिधी निवडता येतो; त्याच बहुमताने अल्पसंख्याकांचा वाटा पुसता येत नाही, एवढे या इतिहासाने शिकवले. मात्र वैमानिकाची कारकीर्द वयाने बांधलेली असते. उशिरा मिळालेल्या न्यायाने क्रमांक परत मिळाला, तरी मधली वर्षे परत मिळत नाहीत. संघटनेवर हे कर्तव्य करार करतानाच असते ते यासाठीच.