गर्दीपलीकडचे नाशिक

नाशिक म्हटले की पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर आणि वणीची सप्तशृंगी डोळ्यांसमोर उभी राहते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यात गंगापूर धरण परिसरातील द्राक्षमळ्यांची आणि वाइनरींची भर पडली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मोटारी बहुधा याच चार-पाच ठिकाणी फिरतात. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा या ठिकाणी पाय ठेवायलाही जागा मिळणार नाही. मात्र नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा आहे. त्यातील कित्येक स्थळे इतिहासाने आणि निसर्गाने श्रीमंत असूनही रविवारीदेखील तेथे चार माणसे भेटली तरी पुष्कळ, अशी स्थिती आहे. अशाच काही स्थळांचा हा परिचय.

सिन्नरचा गोंदेश्वर

सिन्नर नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर, पुणे महामार्गावर आहे. शिर्डीचा रस्ताही येथूनच फुटतो. त्यामुळे रोज हजारो भाविक या गावाजवळून जातात. मात्र वाट वाकडी करून गोंदेश्वराच्या पटांगणात येणारे त्यात क्वचितच. विड्यांचे कारखाने आणि आता औद्योगिक वसाहत ही सिन्नरची अलीकडची ओळख. त्याआधी हे यादवांचे राजधानीचे नगर होते. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी नेली, तोवर सेऊण देशाचा कारभार प्रामुख्याने याच परिसरातून चालत असे. त्या वैभवाची साक्ष म्हणजे बाराव्या शतकातले मानले जाणारे हे शिवालय.

मंदिर पंचायतन आहे. उंच जोत्याच्या मध्यभागी शिवाचे मुख्य मंदिर, चार कोपऱ्यांत पार्वती, गणेश, सूर्य व विष्णू यांची लहान देवळे आणि समोर नंदीमंडप अशी रचना दिसते. जोत्यावरील हत्तींची रांग पाहत सावकाश प्रदक्षिणा घालावी आणि मग शिखराकडे नजर न्यावी. शिखराच्या चारही अंगांना खालून वर जाणारे उभे पट्टे आहेत. त्यांच्यामधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकीवर एक चढवलेल्या असून, वर जाताना त्या आक्रसत जातात. या शैलीला भूमिज म्हणतात. अंबरनाथचे १०६० मधील शिवालय याच घराण्यातले. आपल्याकडे काळ्या दगडाच्या प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणण्याची सवय आहे. गोंदेश्वराच्या फलकापाशीही तो शब्द कानी पडतोच. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री; त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. गोंदेश्वर त्याच्या आधीचा, तेव्हा या मंदिराचे श्रेय त्याला देणे म्हणजे नातवाने आजोबाचे घर बांधले असे म्हणण्यासारखे आहे!

सकाळी आठपूर्वी येथे यावे. त्या वेळी कोवळे ऊन पूर्वेच्या प्रवेशाकडून मंडपात शिरते आणि स्तंभांवरील कोरीव काम उजळते. गावातच ऐश्वरेश्वर नावाचे आणखी एक जुने मंदिर आहे. तेही पाहून घ्यावे.

अंजनेरी: वर गर्दी, खाली शुकशुकाट

त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी अपरिचित आहे, असे कोणी म्हणणार नाही. हनुमानाचे जन्मस्थान या श्रद्धेमुळे गडावर भाविकांची आणि पावसाळ्यात हौशी पर्यटकांची रीघ असते. मात्र गडाच्या पायथ्याशी, गावालगत, हिंदू व जैन मंदिरांचा एक प्राचीन समूह विखुरलेला आहे. गडावर जाणाऱ्यांपैकी फारच थोडे तिकडे वळतात. काही मंदिरांची शिखरे ढासळली आहेत, तर काहींच्या द्वारशाखा अजून शाबूत आहेत. यातील एका जैन मंदिरात शके १०६३ चा संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातील या लेखात मंदिरासाठी दुकाने दान दिल्याची नोंद आहे. दान द्यायला दुकाने होती, याचा अर्थ येथे बाजारपेठ होती आणि तिच्यावर देवालये चालत होती. आज भाताच्या खाचरांनी वेढलेल्या त्या दगडांकडे पाहताना हे सांगूनही खरे वाटत नाही.

ही शांतता मात्र निखळ आनंदाची नाही. तिच्यात दुर्लक्षही मिसळलेले आहे, हे पडलेल्या तुळया आणि भग्न मूर्ती पाहताना जाणवत राहते. दुसरीकडे गडाच्या माथ्यावर गर्दीचा भार वाढतो आहे. गिधाडांची वसतिस्थाने आणि दुर्मीळ वनस्पती यांच्यासाठी अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कंदीलपुष्पाची एक जात तर या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. तिचे कंद पायवाटेच्या कडेला मातीत असतात. वाट सोडून धावणाऱ्याला ते दिसत नाहीत.

मनमाडचे जोडकिल्ले

मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात दोन जोडडोंगर खिडकीत येतात. हेच अंकाई आणि टंकाई. लाखो प्रवाशांनी ते गाडीतून पाहिले असतील; अंकाई स्थानकावर उतरून ते चढणारे विरळा. आमच्या मते संपूर्ण जिल्ह्यात इतक्या कमी श्रमात इतके काही देणारे दुसरे ठिकाण नाही.

गावातून वर निघाले की प्रथम टंकाईच्या पोटातील जैन लेणी लागतात. त्यांतील काही दुमजली असून दारांवरचे आणि खांबांवरचे कोरीव काम नाजूक आहे. तेथून पायऱ्यांनी दोन्ही किल्ल्यांमधल्या खिंडीत यायचे. डावी-उजवीकडे तुटलेले कडे आणि मध्ये दरवाजांमागून दरवाजे अशी अंकाईची वाट आहे. एका दरवाजातून सुटलेला शत्रू दुसऱ्यात अडकावा, अशी ही योजना. माथ्यावर ब्राह्मणी लेणी, अगस्ती ऋषींचे स्थान, तळे आणि पडक्या वाड्याच्या भिंती आहेत.

सुरत ते औरंगाबाद या जुन्या व्यापारी मार्गावर हे किल्ले पहारा देत. १६३५ मध्ये शहाजहानच्या सरदाराने ते घेतले. पुढे तेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकातील आपल्या प्रवासात येथील मुक्कामाची नोंद केली. १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. माथ्यावरून हडबीच्या शेंडीचा सुळका दिसतो. वारा मात्र अंगावरची टोपी ठेवू देत नाही.

येथून येवल्याकडे उतरले तर पैठणीच्या मागांची ओळख जुनी आहेच. त्याच तालुक्यात ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे. उघड्या माळावर सकाळच्या पहिल्या प्रहरी कळप चरताना दिसतात. तेथे ‘पॉइंट’ असे काही नाही. गाडी थांबवून गप्प बसणे एवढेच करायचे असते.

पाणपक्ष्यांचे नांदूर

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. त्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. धरणाच्या दृष्टीने हे नुकसान. मात्र त्या गाळातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्ष्यांनी ती जागा आपलीशी केली. नांदूर मध्यमेश्वर १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. थापट्या, तलवार बदक, चमच्या, शराटी, जांभळी पाणकोंबडी आणि नशीब असेल तर रोहित येथे दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. सुट्टीच्या दिवशी आता येथेही वर्दळ असते, म्हणून मधला वार निवडावा.

बागलाणची वाट

खरी निवांत भटकंती हवी असेल तर उत्तरेला, बागलाणात जावे. सटाण्याहून ताहाराबादमार्गे मुल्हेरला पोचले की नाशिक शहर फार दूर राहिल्यासारखे वाटते. मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी. या घराण्याचा इतिहास सांगणारे ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ रुद्र कवीने १५९६ मध्ये येथेच रचले. १६३८ मध्ये मोगलांनी हे राज्य बुडवले. गडाच्या मधल्या टप्प्यावर झाडीत सोमेश्वराचे आणि तळ्याकाठी गणेशाचे मंदिर आहे. गावात उद्धव महाराजांची समाधी असून कोजागरीला होणारा रासक्रीडेचा उत्सव पाहण्यासारखा असतो.

मुल्हेरपासून पुढे साल्हेर. १,५६७ मीटर उंचीचा हा राज्यातील सर्वांत उंच किल्ला. शिखर म्हणून सह्याद्रीत कळसूबाईनंतर त्याचाच क्रमांक लागतो. १६७२ मध्ये याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवले. मराठ्यांच्या गनिमी काव्याची चर्चा करताना ही समोरासमोरची लढाई अनेकदा विसरली जाते. सूर्यराव काकडे येथेच पडले. माथ्याखालच्या पठारावर गंगासागर तलाव व गुहा आहेत आणि सर्वांत वर परशुरामाचे छोटे मंदिर. तेथून पाऊल उचलावे तिकडे डोंगरच डोंगर दिसतात.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे. आनंद झालाच; पण हरिहरची आठवणही झाली. कातळात कोरलेल्या एका माणसापुरत्या जिन्याचा हा त्र्यंबक परिसरातील गड पूर्वी मोजके गिर्यारोहकच चढत. मोबाइलवर त्याची चित्रे फिरली आणि पावसाळ्यात त्या जिन्यावर अशी दाटी होऊ लागली की निर्बंध घालावे लागले. साल्हेरच्या गुहा आणि त्या तलावाचे पाणी किती माणसांना पुरेल, याचा हिशेब फलक लागण्याआधी व्हायला हवा. पायथ्याच्या साल्हेरवाडीला चार घरगुती खानावळी आणि वाटाड्यांचा रोजगार मिळाला तर तो हवाच आहे. माथ्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या मात्र नकोत.

बागलाणातच देवळाणे येथे जोगेश्वराचे मंदिर आहे, तर मालेगावहून धुळ्याकडे जाताना महामार्गालगत झोडगे येथे माणकेश्वराचे. दोन्ही कोरीव कामाने नटलेली. झोडग्याचे शिखर पाहिले की गोंदेश्वराशी त्याचे नाते लगेच ध्यानात येते. सापुताऱ्याच्या गजबजाटाला कंटाळलेल्यांनी सीमेअलीकडचा सुरगाणा तालुक्यातील हातगड चढून यावा. तासाभराचे काम आहे.

कसे जाल?

सिन्नर व अंजनेरीला नाशिकहून एसटी वारंवार मिळते. दोन्ही स्थळे अर्ध्या दिवसात होतात. अंकाईसाठी मनमाड गाठून तेथून पॅसेंजर किंवा रिक्षा घ्यावी. नांदूरला स्वतःचे वाहन सोयीचे पडते. दुर्बीण जवळ ठेवावी. बागलाणसाठी दोन दिवस हवेत. पहिला मुक्काम सटाणा किंवा ताहाराबादला करून दुसऱ्या दिवशी पहाटेच साल्हेरवाडी किंवा वाघांबेकडून चढाई सुरू करावी. बहुतेक ठिकाणी हॉटेल नाही. गावात आदल्या दिवशी सांगितल्यास भाकरी-पिठल्याची सोय होऊ शकते; त्याचे पैसे न घासाघीस करता द्यावेत. गडावरील टाक्यांत अंघोळ करू नये, ते गावकऱ्यांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी असते. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी आणि विजेरी सोबत असावी. पावसाळ्यात साल्हेरचा माथा धुक्यात असतो आणि वाट निसरडी होते, म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ सोयीचा.