बांधणी-कार्यक्षेत्राची स्वच्छता
बांधणी-कार्यक्षेत्राची स्वच्छता : संगणकाच्या प्रोग्रामाची स्वयंचलित बांधणी ज्या जागी होते, तेथे पूर्वीच्या बांधणीचे अवशेष राहू न देण्याची पद्धत. मूळ फाइलींचे कंपायलरद्वारे यंत्रभाषेत रूपांतर करून आणि त्यातून निघालेल्या मध्यस्थ फाइली एकत्र जोडून वापरण्याजोगा प्रोग्राम तयार होतो. या क्रियेस बांधणी व ती जेथे होते त्या फोल्डरास कार्यक्षेत्र म्हणतात. जुन्या मध्यस्थ फाइली तेथे उरल्यास त्या नव्या प्रोग्रामात नकळत मिसळतात आणि लिहिलेला प्रोग्राम व प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम यांत मेळ राहत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीजवळील शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम पाहिलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. वाळूचा साचा एका ओतिवापुरता असतो. नंतर तो मोडतात. वाळू मात्र टाकून देत नाहीत. तिच्यातील धातूचे कण व गाठी काढून, पाण्याचे व चिकणमातीचे प्रमाण राखून ती पुन्हा वापरतात. ही निगा न राखल्यास मागील कामाचा दोष पुढील ओतिवात उतरतो. काय मोडावे व काय राखावे, हाच प्रश्न प्रोग्रामाच्या बांधणीतही येतो.

इतिहास : १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ प्रोग्रामातील चूक शोधण्यात वाया गेली. चूक आधीच दुरुस्त झालेली होती; दुरुस्त फाइल मात्र पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनाही हाच अनुभव आलेला होता. त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले. ते फाइलींतील शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते व आवश्यक तेवढाच भाग पुन्हा बांधते. यामुळे वेळ वाचला. परंतु फाइलींचे परस्परावलंबन नोंदवायचे राहिल्यास किंवा संगणकाचे घड्याळ चुकल्यास जुना भाग तसाच राहू लागला. म्हणून सर्व अवशेष पुसून टाकणारी ‘क्लीन’ ही आज्ञा रूढ झाली. वेग आणि खात्री यांतील ओढाताण तेव्हापासूनची आहे.

पुढे बांधणीचे काम सर्व्हरकडे गेले. २००१ मध्ये ‘क्रूझ कंट्रोल’ आले. त्यानंतर सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ रचले. त्याचाच विकास २०११ पासून ‘जेनकिन्स’ या नावाने चालू आहे. अशा सर्व्हरवर कार्यक्षेत्र सामान्यतः पुढील बांधणीसाठी तसेच ठेवले जाते. मूळ फाइल काढून टाकल्यावरही तिचे जुने रूपांतर तेथे उरल्यास चाचणी यशस्वी ठरते आणि तोच प्रोग्राम अन्य संगणकावर बांधता येत नाही. साठलेल्या फाइलींनी डिस्क भरून कामही थांबते. २०१३ मध्ये ‘डॉकर’ प्रसिद्ध झाल्यावर प्रत्येक बांधणीसाठी नवे, अलग कार्यक्षेत्र उभारून काम संपताच ते मोडणे सुलभ झाले. बाहेरून आणलेल्या ग्रंथालय-फाइली मात्र वेळ वाचविण्यासाठी वेगळ्या साठ्यात जपतात. ओतशाळेतील वाळूप्रमाणे या साठ्याचीही तपासणी करावी लागते.

मर्यादा : केन टॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरच दूषित असल्यास मूळ फाइली कितीही निर्दोष असल्या तरी तयार प्रोग्राम विश्वासार्ह ठरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात घुसखोरांनी बांधणी चालू असतानाच एका मूळ फाइलीच्या जागी आपली फाइल ठेवली व काम होताच मूळ फाइल परत जागेवर आणली. दूषित प्रोग्राम सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला असावा, असा अंदाज करण्यात आला. कार्यक्षेत्र नंतर स्वच्छच दिसत होते.

यावरून नुसती साफसफाई पुरेशी नाही, हे स्पष्ट होते. त्याच मूळ फाइलींपासून स्वतंत्र ठिकाणी पुन्हा बांधणी करून दोन्ही प्रोग्राम तंतोतंत सारखे येतात की नाही, हे पाहणे ही अधिक कठोर कसोटी होय. डेबियन प्रकल्पाने २०१३ पासून या दिशेने पद्धतशीर प्रयत्न केले आहेत.