पाळणाघराचं बिल कुणाच्या नावावर?

"मूल तुमचं, मग ते सांभाळायचा खर्च सरकारने का द्यायचा?" पाळणाघराचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून पुढे जाता येत नाही. पण आपल्याच राज्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर मला दिसतं की हा खर्च कुणीतरी कायमच देत आलंय. बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढाच वाद आहे. पोस्ट लांब आहे, पण सवडीने वाचा.

सुरुवात गिरणगावापासून. 1920 च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर बायकाच जास्त. दिवस दहा तासांचा. तान्हं मूल असेल तर काय करायच्या? घरी म्हातारं माणूस असेल तर ठीक. नसेल तर अफूची गोळी. तिला 'बाळागोळी' म्हणत. मूल गुंगीत पडून राहायचं आणि आई पाळी भरून यायची. 1922 च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या महिला डॉक्टर बार्न्स यांनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असं त्यांना आढळलं. त्या आयांना क्रूर म्हणणं सोपं आहे. पण पाळणाघराचं बिल तेव्हा मुलाच्या नावावर फाटत होतं, हे खरं.

नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या मोजक्या गिरण्यांनी स्वतःहून पाळणाघरं काढली. बाकीच्यांना त्याची गरज वाटली नाही.

मग 1928. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळातला भत्ता देण्याचं विधेयक आणलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मंडळाचे सदस्य होते. विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी जे मांडलं ते आजही वाचण्यासारखं आहे. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मान्य केलं. पण सरकार देत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण बाईच्या कामाचा फायदा तोही घेतो, हेही सांगितलं. भाषण बाळंतपणाच्या रजेवर होतं, पाळणाघरावर नव्हे. तरी मुद्दा तोच: लोकांच्या कल्याणाचा खर्च आधी सरकारचा. 1929 मध्ये कायदा झाला, पण पैसे द्यायचे ठरले ते फक्त मालकाने.

पाळणाघरांच्या कायद्यातही तेच झालं. 1948 च्या कारखाना कायद्यात पन्नासाहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. 1976 मध्ये हा आकडा तीसवर आणला. मळ्यांचा कायदा 1951 चा, विडी कामगारांचा 1966 चा, बांधकाम कामगारांचा 1996 चा. सगळीकडे हिशेब एकच: बायका मोजा, अमुक संख्या झाली की मालकाने खोली आणि आया द्यायची.

आता मालकाच्या खुर्चीत बसून बघा. ठराविक आकड्यापुढची एक बाई कामावर घेतली की पाळणाघराचा खर्च सुरू. तिच्याऐवजी पुरुष घेतला की काही नाही. मग काय होणार? बायकांचा आकडा मर्यादेच्या आत ठेवायचा, नाहीतर ठेकेदारामार्फत घ्यायच्या, म्हणजे हजेरीपटावर नावच नको. मुंबईच्या गिरण्यांत बायकांचं प्रमाण पुढच्या दशकांत घसरत गेलं. त्याला इतर कारणंही होती. नवी यंत्रं आली, बायकांना रात्रपाळीची बंदी होती. पण बाई म्हणजे जादा खर्च, हे गणित कायद्यानेच मालकाच्या हातात दिलं होतं. बिल मालकाच्या नावावर फाडलं आणि ते बाईने नोकरी गमावून भरलं.

बाळंतपणाच्या पगाराबाबत यावर एक शहाणा तोडगा निघाला होता. 1948 च्याच ईएसआय कायद्याने तो पगार सामायिक विमा निधीतून द्यायचं ठरवलं. सगळे मालक आणि सगळे कामगार वर्गणी भरणार, त्यामुळे एखाद्या मालकाने बायका जास्त घेतल्या म्हणून त्याला भुर्दंड नाही. पाळणाघरासाठी असा निधी मात्र कधीच झाला नाही. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायदा बदलला, तेव्हा बायकांऐवजी एकूण 50 कर्मचारी मोजायचं ठरलं. ही चांगली दुरुस्ती. पण खर्च पुन्हा एकट्या मालकावरच. आणि पन्नासच्या आतली दुकानं, वर्कशॉप, घरकाम, शेतमजुरी? तिथे तर कायदा पोचतच नाही, आणि बहुतेक बायका तिथेच कामाला.

मी गिरणगावात वाढलो. आमच्या चाळीत एक मावशी सहा-सात पोरं सांभाळायच्या. पाळणाघर हा शब्द कुणी वापरायचं नाही, "मावशींकडे ठेवलंय" एवढंच. आया पगाराच्या दिवशी त्यांना पैसे द्यायच्या. मावशी आजारी पडल्या की चार-पाच घरांत बिनपगारी रजा. मावशींना स्वतःला ना रजा, ना पेन्शन. आपलं शहर अशा मावशींच्या कमी पैशांवर चाललं, आजही चालतं. आजी सांभाळते तिथेही काम फुकट नसतं. आजी पगार मागत नाही, इतकंच.

आणि मावशी नाही, आजी नाही, तिथे मोठी बहीण. हे ओळखलं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवर मुली शाळेत का येत नाहीत? कारण कडेवर धाकटं भावंड. म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. इतका साधा उपाय, आणि तो आपल्या पालघर जिल्ह्यातला.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आपल्या रोजगार हमीत कामाच्या जागी मुलं सांभाळायची सोय धरलेली होती. 2005 च्या केंद्राच्या कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तर एका बाईला तेच काम आणि त्याचीच मजुरी, अशी तरतूद होती. म्हणजे मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे सरकारने लिहून दिलं. 1975 पासून अंगणवाडी आली. पण ती काही तासांची, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून खाऊ मिळतो, दिवसभर बसायला जागा मिळत नाही. आईची पाळी आठ तासांची.

राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं काय झालं तेही बघा. आधी जवळपास सगळा पैसा केंद्राचा होता. 2017 पासून केंद्र 60, राज्य 30, संस्था 10 टक्के अशी वाटणी झाली. काही वर्षांत देशातली पाळणाघरं वीस हजारांच्या वरून साडेसहा हजारांच्या आसपास आली. आता 'पाळणा' नावाने अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर द्यायची योजना आहे. वय सहा महिने ते सहा वर्षं, दिवसाला साडेसात तास. कागदावर अगदी हवं तेच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. पाळणाघराचा मुख्य खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा. मालकांनी एका सामायिक निधीत वर्गणी भरावी, आणि ती सगळ्या कामगारांच्या संख्येवर असावी, बायकांच्या नव्हे. ऐपत असलेल्या आईबापांनी ऐपतीप्रमाणे फी द्यावी. आणि सांभाळणाऱ्या ताईंना मानधन नको, पगार द्या.

"ज्यांना मुलं नाहीत त्यांनी कर का भरायचा?" शाळेसाठी भरतोच की. सहाव्या वर्षापासून मूल समाजाचं आणि त्याआधी फक्त आईचं, हे कुठलं गणित? "त्यापेक्षा रोख पैसे द्या" म्हणाल, तर महिन्याला 1500 रुपयांत मुंबई-पुण्यात दिवसभराचं पाळणाघर मिळतं का, विचारून बघा. आणि जिथे पाळणाघरच नाही, तिथे पैसे घेऊन करायचं काय? दर्जाची शंका मात्र खरी आहे. सरकारी म्हणजे गळकं छप्पर, हा अनुभव आपल्याला आहे. पण त्यासाठी पालकांची समिती, तपासणी, वेळेवर पैसे हे मागायचं. पाळणाघरच नको म्हणायचं नाही.

आपल्या वॉर्डात संध्याकाळपर्यंत चालणारी एक तरी अंगणवाडी आहे का? माहीत असेल तर जागेसकट खाली लिहा. नसेल तर तेही लिहा. यादी झाली की ती घेऊन नगरसेवकांकडे जाऊ. येणार असाल तर सांगा.