शंभराचा स्टॅम्प आणि आपल्या माणसाचा शब्द

माझ्या मामूंनी मोहल्ल्यात एक घर घेतलं. विकणारा ओळखीचा. कागद झाला तो शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून. पुढे कळलं की तेच घर त्याने आणखी एकाला रजिस्ट्री करून विकलं होतं. मामू म्हणायचे, "आपलाच माणूस, त्याच्याकडे रजिस्ट्रीची गोष्ट कशी काढायची?"

हा संकोच जुना आहे आणि त्याचा फायदा घेणारेही जुने आहेत. इंग्लंडमध्ये तोंडी सौद्यांवरून खोटे साक्षीदार उभे केले जात. म्हणून १६७७ मध्ये तिथे कायदा आला. जमिनीची विक्री आणि तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा लेखी आणि सहीनिशी हवा, असं त्याने ठरवलं.

भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने एक पाऊल पुढे टाकलं. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसतं लिहिणं पुरेसं नाही. नोंद अशी हवी, की पुढच्या खरेदीदाराला शोध घेता यावा. शंभराची ती मर्यादा आजही तीच आहे. आणि आपण लाखोंचं घर शंभराच्या स्टॅम्पवर घेत आलो!

महाराष्ट्रात १९६३ च्या फ्लॅट कायद्याने बिल्डरला करार नोंदवण्याआधी २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी केली. २०१६ च्या रेरा कायद्याने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकली. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट केलं.

अर्थात, ज्या वस्तीत जमिनीचीच मालकी स्पष्ट नाही, तिथला गरीब या कायद्यांच्या बाहेरच राहतो. पण मामूंच्या घराची रजिस्ट्री होऊ शकत होती. स्टॅम्प ड्युटी वाचली, घर गेलं.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सांगते. ती ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. मग कागद मागणं म्हणजे अविश्वास कसा? रजिस्ट्रीची गोष्ट आपल्या माणसाकडेच आधी काढावी. इसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधकाच्या नोंदींत शोध घ्यावा. मामूंनी तेवढं विचारलं असतं, तर घर राहिलं असतं, कदाचित दोस्तीही.