तण आणि भाजी

एकाच वनस्पतीची दोन नावे असू शकतात. शेताच्या हिशेबात ती तण असते आणि चुलीपुढे भाजी. नांदेड-लातूरकडच्या अन्नाचा इतिहास पाहू गेल्यास या दोन नावांमधले अंतर लक्षात घ्यावे लागते. कारण ज्यावर सारा बसतो आणि जे बाजारात तोलले जाते, त्याचीच नोंद कागदोपत्री राहते. खुरप्याच्या टोकाशी आलेल्या पानांची नोंद कोण ठेवणार?

मराठी वाङ्मयात भाजीला स्थान नाही असे नाही. तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल पाहिला. परंतु ती मोटेच्या पाण्यावरची, राखलेली भाजी. जिरायत काळ्या रानात न पेरता उगवणाऱ्या भाज्यांची परंपरा वेगळी. पावसाळ्यात तांदुळजा, कुरडू, घोळ, चिवळ, तरोटा. रब्बीच्या ओलीवर पाथरी. युरोपात डँडेलियनची कोवळी पाने खातात. पाथरी त्याच सूर्यफुलाच्या कुळातली. तशीच कातरलेली पाने, पिवळे फूल, तोडताच पाझरणारा पांढरा चीक आणि जिभेवर रेंगाळणारा किंचित कडवटपणा. तिला शिजवायचीही गरज नसते. मीठ, तेल आणि दाण्याचे कूट लावून ती कच्चीच भाकरीशी खातात. पेरलेल्या करडईचे कुळही तेच. तिला काटे धरण्यापूर्वीच पाला खुडायचा, हे घरोघर ठाऊक असे.

अंबाडीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या खोडाचा वाख दोरांसाठी आणि पाला भाजीसाठी. पाला उकडून, पिळून आंबटपणा उतरवायचा, ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून शिजवायचा आणि वरून लसणाची खमंग फोडणी द्यायची. देगलूर-धर्माबादची शीव ओलांडली की तिला गोंगुरा म्हणतात. उदगीर-निलंग्यापलीकडे कन्नड मुलखात ती पुंडी होते. हा सारा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात एकत्र होता. पुढे भाषावार सीमा आखल्या गेल्या, पण अंबाडीची चव तिन्ही बाजूंना राहिली.

या भाज्या खुडल्या कोणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. खुरपायला गेलेली मजूर बाई दिवसभर तण काढी आणि त्यातले खाण्याजोगे निवडून पदरात घेऊन संध्याकाळी घरी नेई. ज्याचे शेत, त्याच्या दृष्टीने तो कचरा. तिच्या घरात ते दुसऱ्या वेळचे कोरड्यास. कोणत्याही करारात न लिहिलेला हा एक हक्क होता. ज्वारीच्या भाकरीत जे कमी पडते, ते लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य ही पाने पुरवीत. भूमिहीन घराच्या पोषणाचा काही भार असा बांधावरच्या रिवाजावर होता.

1972 च्या दुष्काळाने या भाज्यांवर एक शिक्का मारला. खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि मिलोची लाल भाकरी यांच्यासोबत तरोट्याचा पालाही त्या आठवणींत येतो. उग्र वासामुळे गुरे तरोट्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चारा संपलेल्या माळावरही तो उरतो. तो तगून राहिला म्हणून माणसे त्यावर निभावली. पण पुढे तो केवळ दुष्काळाचे अन्न ठरला. वास्तविक भरल्या वर्षीही पहिल्या पावसानंतर तीच कोवळी पाने आवडीने खाल्ली जात. टंचाईच्या आठवणीने एका ऋतूच्या चवीला गरिबीची खूण बनवले. ही खूण पुसण्यासाठी पुढच्या पिढीने भाजीच टाकली असेल, तर त्यात नवल नाही.

गेल्या तीन दशकांत लातूर भागात सोयाबीन पसरले, आणि खुरप्याची जागा हळूहळू तणनाशकाने घेतली. फवारलेल्या रानातला पाला खाता येत नाही. मजुरी वाचली, हे खरे. त्याचबरोबर पदरातला तो हक्कही कोणी न काढून घेता गेला. 2020 पासून कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे किनवट-माहूरसारख्या रानातल्या भाज्यांना नाव आणि भाव मिळतो, हे स्वागतार्हच आहे. मात्र विकत घेतलेली जुडी आणि शिवारातून हक्काने आणलेला पाला यांचा इतिहास एक नव्हे. आपल्या ग्रामीण साहित्यात भाकरीवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्याबरोबर ताटात काय होते आणि ते कोणाच्या शेतातून आले, हेही वाचताना विचारायला हवे.