खोकल्याआडचा ‘स’ : न उच्चारलेला ध्वनी मेंदू कसा ऐकतो?

१/ १९७० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरेन यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी वीस जणांना राज्यपाल आणि विधिमंडळे यांविषयीचे एक ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्य ऐकवले होते. त्यातील ‘लेजिस्लेचर्स’ या शब्दामधला ‘स’ कापून काढला होता आणि त्याच्या जागी खोकल्याचा आवाज बसवला होता.

२/ काढलेला तुकडा सेकंदाच्या सुमारे आठव्या भागाइतका होता. शेजारच्या ध्वनींत ‘स’चा मागमूस उरू नये, याचीही काळजी घेतली होती. ऐकणाऱ्यांना विचारले, एखादा ध्वनी गाळला गेला आहे का? एकोणीस जण म्हणाले, नाही. विसाव्याने होकार दिला, पण भलताच ध्वनी सांगितला. खोकला नेमका कोठे आला, हे कोणालाच दाखवता आले नाही.

३/ वॉरेन यांचा प्रयोग गाजला. परंतु या प्रश्नाचा इतिहास त्याच्याही सत्तर वर्षे मागे जातो. १९०० साली कॉर्नेल विद्यापीठात विल्यम चँडलर बॅग्ली या तरुण संशोधकाने एडिसनच्या फोनोग्राफचा उपयोग करून काही शब्द मुद्दाम मोडके, एखादे व्यंजन गाळून, श्रोत्यांना ऐकवले होते.

४/ सुटा ऐकवलेला मोडका शब्द ओळखणे कठीण जाई. तोच शब्द वाक्यात आला की श्रोते तो सहज पुरा करीत. पुढे बॅग्ली शिक्षणशास्त्राकडे वळले आणि त्याच क्षेत्रात नावाजले. त्यांचे हे काम मात्र विस्मृतीत गेले. १९८३ मध्ये कोल आणि रुडनिकी या संशोधकांनी एका लेखाद्वारे ते पुन्हा उजेडात आणले.

५/ दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला जीवनमरणाचे स्वरूप दिले. विमानाच्या इंजिनाच्या घरघरीत वैमानिकाला रेडिओवरील आज्ञा नीट ऐकू आली नाही, तर परिणाम भयंकर होता. हार्वर्ड विद्यापीठात १९४० मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली सायको-अकूस्टिक प्रयोगशाळा अशाच प्रश्नांवर काम करीत होती.

६/ तेथील एक तरुण संशोधक म्हणजे जॉर्ज मिलर. शत्रूचे रेडिओ-संभाषण कोणत्या आवाजाने सर्वाधिक बिघडवता येईल, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता आणि तो प्रबंध गोपनीय ठेवण्यात आला. बोलणे कशाने बुडते याचा शोध घेताना, ते कशाने तरते हाही प्रश्न ओघाने पुढे आला.

७/ १९५१ मध्ये मिलर, हाइज आणि लिक्टेन यांनी त्याचे उत्तर मोजून दाखवले. गोंगाट तेवढाच ठेवला तरी अंक सर्वांत सहज ओळखू येत, वाक्यातील शब्द त्याखालोखाल, आणि निरर्थक अक्षरे सर्वांत कमी. शब्द दोनपैकी एक आहे हे आधी सांगितले, तर तो दाट गोंगाटातही कळे. तोच शब्द दोनशे छप्पन्नपैकी एक असेल, तर गोंगाट बराच कमी करावा लागे.

८/ याचा अर्थ महत्त्वाचा होता. कानावर येणारा ध्वनी तोच असतो, पण त्या जागी आणखी कोणकोणते शब्द संभवत होते, यावरही ओळख अवलंबून असते. १९६४ मध्ये पोलॅक आणि पिकेट यांनी ओघवत्या संभाषणातून शब्द कापून सुटे ऐकवले, तेव्हा श्रोत्यांना जवळपास निम्मेच ओळखता आले. संभाषणात मात्र तेच शब्द कोणालाही अस्पष्ट वाटले नव्हते.

९/ वॉरेन यांनी पुढे दाखवले की संदर्भ नंतर आला तरी चालतो. खोकल्याने झाकलेल्या एकाच शब्दाचे चाक, टाच, साल किंवा जेवण असे चार इंग्रजी अर्थ होत. कोणता ऐकू येई, हे वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ठरे. मराठीत कल्पना करावी : खोकल्याआडच्या ‘…ात’पुढे ‘वाढला’ आले तर भात, ‘घासले’ आले तर दात.

१०/ मग मेंदू तो ध्वनी खरोखर ऐकतो, की अंदाज बांधून मागाहून ‘ऐकले’ म्हणतो? यावर दीर्घ वाद झाला. मॅक्लेलँड आणि एल्मन यांच्या १९८६ च्या ‘ट्रेस’ प्रतिमानात शब्दाचे ज्ञान ध्वनींच्या पातळीपर्यंत खाली झिरपते. नॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रतिवाद केला, की अशा उलट्या प्रवाहाची गरजच नाही. निर्णय वरच्या पातळीवर होतो.

११/ २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील लेनर्ड, चँग आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. शब्दातील एक ध्वनी गोंगाटाने बदलला असता, श्रवणाशी निगडित भागात तो ध्वनी प्रत्यक्ष ऐकल्यासारखीच हालचाल दिसली. वादाचा पूर्ण निकाल यातून लागत नाही. भरपाई मात्र फार लवकर होते, एवढे दिसते.

१२/ वॉरेन यांचे आणखी एक निरीक्षण इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आहे. खोकल्याऐवजी ‘स’च्या जागी निव्वळ शांतता ठेवली, तर फट चटकन लक्षात येते. गोंगाटाने झाकलेली फट मात्र दिसत नाही. ‘स’ काढला आहे हे ठाऊक असूनही तो ऐकू येतच राहतो.

१३/ झिजलेल्या शिलालेखाचे वाचन छापताना संपादक स्वतः पुरवलेली अक्षरे चौकोनी कंसात टाकतो. दगडावर काय होते आणि आपण काय भरले, हे वाचकाला वेगळे करता येते. कान असा कंस घालत नाही. म्हणून सभेच्या कोलाहलात किंवा दंगलीच्या गदारोळात ‘मी स्वतःच्या कानांनी ऐकले’ असे सांगणारा साक्षीदार पूर्ण प्रामाणिक असू शकतो, आणि तरीही तो शब्द कोणीच उच्चारलेला नसू शकतो. अशी साक्ष टाकून देऊ नये. पण त्या वेळी त्याला काय ऐकण्याची अपेक्षा होती, हेही तपासावे.